बंब उलट्या दिशेने निघाले: मँचेस्टर अरिना, २२ मे २०१७

मँचेस्टर शहराच्या मध्यभागी, थॉम्पसन स्ट्रीटवर एक अग्निशमन केंद्र आहे. तिथून मँचेस्टर अरिना, म्हणजे गाण्याच्या कार्यक्रमांचं मोठं सभागृह, अर्ध्या मैलावर, जेमतेम आठशे मीटर. सोमवार, २२ मे २०१७ रोजी रात्री १०.३१ वाजता अरिनाला लागून असलेल्या ‘सिटी रूम’ नावाच्या दालनात आत्मघातकी स्फोट झाला, तेव्हा त्याचा आवाज केंद्रातल्या जवानांनी कानांनी ऐकला. काही मिनिटांत वर्दी आली आणि गाड्या बाहेर पडल्या, पण अरिनाकडे नाही. त्यांना जायला सांगितलं होतं फिलिप्स पार्क केंद्रावर, अरिनापासून तीन मैल लांब. त्याच वेळी रुग्णवाहिका शहराच्या मध्याकडे धावत होत्या, आणि त्यांना जमायला दिलेली जागा होती थॉम्पसन स्ट्रीटचं हेच अग्निशमन केंद्र. जवान निघाले, त्यांच्या अंगणात रुग्णवाहिका येऊन उभ्या राहिल्या. अग्निशमन दलाची पहिली गाडी अरिनाला पोचली रात्री १२.३७ वाजता, स्फोटानंतर दोन तास सहा मिनिटांनी.

या रात्रीची दोनदा चौकशी झाली. लॉर्ड केर्स्लेक यांचा अहवाल मार्च २०१८ मध्ये आला. नंतर सर जॉन साँडर्स यांच्या सार्वजनिक चौकशीने आपत्कालीन प्रतिसादावरचा दुसरा खंड नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला, त्यात १४९ शिफारशी आहेत. पोलीस, गुप्तचर, अरिनाची सुरक्षा या सगळ्यांवर तिथे सविस्तर लिहिलेलं आहे. इथे त्यातला एकच धागा घेतला आहे: अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सेवा एकमेकांपर्यंत का पोचू शकल्या नाहीत.

कोण कुणाच्या हाताखाली

इंग्लंडमध्ये या दोन सेवांचे मालक वेगळे आहेत. ग्रेटर मँचेस्टरचं अग्निशमन दल स्थानिक शासनाचं. स्फोटाच्या दोनच आठवडे आधी शहर-परिसराला पहिला निवडून आलेला महापौर मिळाला होता आणि दल त्याच्या अखत्यारीत गेलं होतं. रुग्णवाहिका आरोग्य सेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या. नॉर्थ वेस्ट ॲम्ब्युलन्स सर्व्हिस नावाचा ट्रस्ट कंब्रियापासून चेशरपर्यंतचा सगळा वायव्य इंग्लंड सांभाळतो. दोघांचे नियंत्रण कक्ष वेगळे. अग्निशमनाचा कक्षसुद्धा दलाचा एकट्याचा नव्हता. २०१४ पासून वॉरिंग्टनमधला ‘नॉर्थ वेस्ट फायर कंट्रोल’ चार दलांच्या वर्द्या एकत्र हाताळतो.

म्हणजे मँचेस्टरमध्ये काही मोठं घडलं की किमान चार खोल्यांत फोन वाजतात: ग्रेटर मँचेस्टर पोलीस, रेल्वेचे पोलीस (अरिना व्हिक्टोरिया स्थानकाला जोडलेला आहे), रुग्णवाहिका आणि वॉरिंग्टन. या चौघांना एकत्र बांधण्यासाठी ब्रिटनमध्ये जेसिप नावाची संयुक्त कार्यपद्धती होती. तिची पाच तत्त्वं पाठ करायला सोपी आहेत. सेवांचे प्रमुख घटनास्थळी एकाच जागी उभे राहतील, साध्या भाषेत बोलतील, कामाची सांगड घालतील, धोक्याचा अंदाज एकत्र बांधतील, आणि परिस्थितीचं चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच असेल. पहिली माहिती पाठवायचा साचाही ठरलेला होता. त्याला मीथेन म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून. मोठी दुर्घटना जाहीर केली का, नेमकी जागा कोणती, प्रकार काय, धोके कोणते, आत-बाहेर जायचा मार्ग कुठून, जखमी किती, आणि कोणत्या सेवा आल्या वा हव्या आहेत. सात प्रश्न, सरावलेला माणूस ते मिनिटभरात सांगतो.

साचा चांगला होता. त्या रात्री तो भरून अग्निशमन दलाच्या हाती वेळेत पडला नाही.

मुंबईहून गेलेली धास्ती

‘ऑपरेशन प्लेटो’ हा शब्द मराठी वाचकाला परका वाटेल, पण त्याचं मूळ आपल्याकडे आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये दहा हल्लेखोरांनी मुंबईत सुमारे साठ तास धुमाकूळ घातला, १६६ माणसं मारली. सीएसएमटी, कामा रुग्णालयाचा परिसर, लिओपोल्ड, ताज, ट्रायडंट, नरिमन हाउस. मारेकरी एका जागी थांबत नव्हते, हेच त्या हल्ल्याचं वेगळेपण होतं. ब्रिटनने ते पाहून ‘फिरत्या बंदूकधाऱ्यांचा हल्ला’ असा स्वतंत्र वर्ग केला आणि त्यासाठीच्या योजनेला प्लेटो हे सांकेतिक नाव दिलं. अग्निशमन आणि रुग्णवाहिका या दोन्ही सेवांतून निवडक माणसं उचलून त्यांना गोळीरोधक जाकिटं, हेल्मेटं आणि वेगळं प्रशिक्षण मिळालं. बाकीच्यांसाठी नियम एकच: सुरक्षित म्हटल्याशिवाय आत जायचं नाही.

घटनास्थळाचे तीन भाग पाडायचे ठरलं. हॉट झोनमध्ये हल्लेखोर समोर आहे किंवा धोका प्रत्यक्ष आहे. तिथे फक्त सशस्त्र पोलीस. वॉर्म झोनमध्ये हल्लेखोर येऊ शकतो. तिथे पोलिसांच्या संरक्षणात विशेष पथकं. कोल्ड झोनमध्ये सगळे. कुठला भाग कोणता हे पोलीस ठरवणार आणि बाकीच्यांना सांगणार.

मुंबईवरून हा एकच धडा निघतो असं नाही, हे इथे नमूद करायला हवं. ताजमध्ये गोळीबार चालू असताना मुंबई अग्निशमन दलाचे जवान शिड्या लावून खिडक्यांतून माणसं उतरवत होते. पण योजना लिहिणाऱ्याला दिसतो तो धोका, आणि योजनेत उतरते ती सावधगिरी. साठ तास चालणाऱ्या हल्ल्यासाठी ती ठीक असेल. मँचेस्टरमध्ये हल्ला एका क्षणात संपला होता. उरलेलं सगळं काम रक्तस्राव थांबवण्याचं आणि माणसं उचलण्याचं होतं.

पहिली पंधरा-वीस मिनिटं

रेल्वे पोलिसांनी १०.३९ ला मोठी दुर्घटना जाहीर केली. रुग्णवाहिका सेवेने १०.४६ ला. ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी मात्र ती जाहीर करेपर्यंत मध्यरात्र उलटून एक वाजत आला. वरवर हा कागदी फरक वाटेल. ‘मोठी दुर्घटना’ हे शब्द उच्चारले की प्रत्येक सेवेचा ठरलेला आराखडा आपोआप सुरू होतो: कोणते अधिकारी उठवायचे, कुठल्या रुग्णालयांना सांगायचं, कुठे जमायचं. प्रत्येकाने आपापल्या घड्याळाने आणि आपल्यापुरता तो सुरू केला, तर चार आराखडे चार वेगांनी चालतात.

दरम्यान १०.४७ ला पोलिसांच्या ‘फोर्स ड्युटी ऑफिसर’ने ऑपरेशन प्लेटो जाहीर केलं. स्फोटातल्या धातूच्या तुकड्यांच्या जखमा गोळीच्या जखमांसारख्या दिसतात, आणि बंदूकधारी असल्याच्या बातम्याही येत होत्या. त्या क्षणी निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. चूक पुढची. हे जाहीर झाल्याचं त्याने ना रुग्णवाहिका सेवेला कळवलं, ना अग्निशमन दलाला.

हा अधिकारी म्हणजे सगळ्या व्यवस्थेच्या बाटलीची चिंचोळी मान होती. पोलीस नियंत्रण कक्षात बसलेला एक इन्स्पेक्टर. सशस्त्र पथकांचं सुरुवातीचं नेतृत्व त्याच्याकडे, प्लेटो जाहीर करणं त्याच्याकडे, झोन ठरवणं त्याच्याकडे, वरिष्ठांना उठवणं त्याच्याकडे, आणि बाकीच्या सेवांना माहिती देणंही त्याच्याकडेच. त्याचा फोन सतत गुंतलेला असणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. व्यवस्थेत अग्निशमन दलाच्या प्रश्नाचं उत्तर या एकाच फोनवर ठेवलेलं होतं.

आणि मग जमण्याच्या जागा. पोलिसांनी ठरवली कॅथीड्रल कार पार्क. रेल्वे पोलिसांनी फिशडॉक कार पार्क. रुग्णवाहिकांनी थॉम्पसन स्ट्रीटचं अग्निशमन केंद्र. अग्निशमन दलाने फिलिप्स पार्क. चार सेवा, चार ठिकाणं, आणि जेसिपचं पहिलंच तत्त्व ‘एकाच जागी उभे राहा’.

फिलिप्स पार्कचा निर्णय

या निर्णयाची टिंगल करणं सोपं आहे, म्हणून तो कसा घेतला गेला ते नीट पाहू.

ब्रिटिश अग्निशमन दलांत ‘नायलो’ नावाचं पद असतं: इतर सेवांशी संपर्क ठेवणारा प्रशिक्षित अधिकारी. दहशतवादी हल्ल्यासारख्या प्रसंगी गाड्या कुठे न्यायच्या हे त्याच्या सल्ल्यावर ठरतं. त्या रात्री ड्युटीवरचा नायलो घरी होता, शहरापासून वीसेक मैलांवर. वॉरिंग्टनच्या कक्षाने त्याला पावणेअकराच्या आत फोन केला. पोलिसांनी सांगितलेली कॅथीड्रलची जागा त्याला अरिनाच्या फार जवळ वाटली. बंदूकधारी मोकळा असेल तर बंब भरलेल्या कार पार्कमध्ये नेऊन उभे करणं म्हणजे जवानांना लक्ष्य करणं. त्याने दूरचं, पक्कं माहीत असलेलं केंद्र निवडलं आणि पोलिसांच्या ड्युटी ऑफिसरला फोन लावायला घेतला. फोन लागेना. गाडी चालवत तो पुन्हा पुन्हा लावत राहिला.

पहिल्या दहा मिनिटांत एवढ्या माहितीवर असा निर्णय कुणीही घेऊ शकतो. गाडं अडलं ते त्यानंतर. या निर्णयाला मुदत नव्हती. ‘दहा मिनिटांत पोलिसांशी बोलणं झालं नाही तर दुसरा रस्ता कोणता’ हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. थोड्याच वेळात बिनहत्यारी पोलीस, सशस्त्र पोलीस, रुग्णवाहिका अधिकारी, अरिनाचे कर्मचारी, सामान्य माणसं असे सगळे सिटी रूममध्ये होते, आणि कुणी गोळीबार करत नव्हतं. ही माहिती वेगवेगळ्या तुकड्यांत वॉरिंग्टनच्या कक्षापर्यंत आली होती. ती नायलोपर्यंत पोचवली गेली नाही. रुग्णवाहिका सेवेची माणसं आत गेली आहेत, एवढं एक वाक्य त्याला वेळेत कळलं असतं तरी चित्र बदललं असतं. तोच नकाशा, तेच शहर, आणि दुसरी सेवा आपल्याच केंद्राच्या दारात उभी आहे हे अग्निशमन अधिकाऱ्यांना उमगलेलं नव्हतं.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. अग्निशमन आणि रुग्णवाहिका या दोन सेवांनी एकमेकींना सरळ विचारायचं नाही, मध्ये पोलिसांनी सांगायचं, अशी सवय व्यवस्थेने त्यांना लावलेली होती. पोलिसांचा फोन गुंतला की दोघी एकमेकींना अदृश्य. तिन्ही सेवांकडे एअरवेव्ह या एकाच डिजिटल जाळ्यावरचे वायरलेस संच होते. त्यावर संयुक्त टॉकग्रुप, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येणारी वाहिनी, उघडायचा आणि नियंत्रण कक्षांनी त्यावर यायचं, ही सोय होती. ती वापरली गेली नाही. सगळी मोठी माणसं मोबाइलवर एकेकाला फोन लावत बसली. मोबाइलवर दोघंच बोलतात आणि बाकीच्यांना काही कळत नाही, हा त्याचा मोठा दोष. एंगेज लागणं त्यापुढे लहानच म्हणायचा.

फिलिप्स पार्कवर गाड्या आणि जवान जमत गेले. त्यांतल्या काहींनी स्फोट ऐकलेला, काहींनी समोरून जाणाऱ्या रुग्णवाहिका पाहिलेल्या. अस्वस्थता होती, पण शिस्तीचं दल. आदेशाशिवाय निघत नाही. पुढे दलाने आपल्या विलंबाबद्दल जाहीर माफी मागितली.

सिटी रूममध्ये

आता दुसरी बाजू, कारण रुग्णवाहिका सेवेनेही सगळं बरोबर केलं असं नव्हे.

पहिला पॅरामेडिक, म्हणजे रुग्णवाहिका सेवेचा उपचार करणारा प्रशिक्षित कर्मचारी, सिटी रूममध्ये शिरला १०.५३ च्या सुमारास. गोळीरोधक जाकीट नाही, विशेष पथकाचा नाही. त्याने जखमींची प्राथमिक वर्गवारी करायला घेतली. पुढे ११.१५ पर्यंत, म्हणजे स्फोटापासून चव्वेचाळीस मिनिटं, त्या खोलीत तो एकटाच पॅरामेडिक होता. ११.१५ ला ‘हार्ट’ या धोकादायक जागांसाठीच्या रुग्णवाहिका पथकातले दोघे आले. एकूण तीन. त्यानंतरही संख्या वाढली नाही. सेवेच्या घटनास्थळावरच्या प्रमुखाने बाकीच्या पॅरामेडिकना स्थानकात आणि बाहेर ठेवलं, जखमींना खाली आणून तिथे उपचार करायचे असं ठरवलं. व्हिक्टोरिया स्थानकात जखमी-संकलन केंद्र उभं राहिलं.

या ठरवण्यामागे तर्क होता. संशयास्पद दुसरं पुडकं असू शकतं, दुसरा स्फोट होऊ शकतो, आपली माणसं गमावली तर पुढच्यांना कोण पाहणार. चौकशीने मात्र स्पष्ट म्हटलं की आणखी पॅरामेडिक आत पाठवायला हवे होते. खोलीत बिनहत्यारी पोलीस आणि नागरिक तासभर वावरत होते. धोका त्यांना जेवढा होता तेवढाच पॅरामेडिकला. झोनची पाटी बदलायचा अधिकार ज्याच्याकडे होता त्याचा फोन गुंतलेला, आणि त्याने झोनचा पुनर्विचार केलाच नाही.

सिटी रूम वरच्या पातळीवर आहे. तिथून स्थानकात यायला पूल आणि जिना. जखमीला जिन्यावरून उतरवायचं तर चार माणसं लागतात, अवघड वळण असेल तर सहा. स्ट्रेचर वर आलेच नव्हते. मग माणसांनी जे हाताला लागलं ते घेतलं: जाहिरातींचे फलक, गर्दी अडवायचे लोखंडी कठडे, टेबलांचे पाट. उचलणारे पोलीस, अरिनाचे कर्मचारी, प्रथमोपचार करणारे खासगी संस्थेचे लोक, कार्यक्रमाला आलेले पालक. कठड्याला धरायला मूठ नसते, गज बोटांत रुततात, जखमी माणूस घसरतो. दर काही पावलांनी खाली ठेवावा लागतो. मांडीच्या किंवा पोटरीच्या मोठ्या रक्तवाहिनीतून रक्त वाहत असेल तर आधी टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला बांधायची पीळ देता येणारी पट्टी) घट्ट आवळायची आणि मग हलवायचं, हा क्रम. ज्याच्याकडे टूर्निकेट नाही तो पट्ट्याने, ओढणीने बांधतो. पट्टा रुंद आणि ताठ, त्याला पीळ देता येत नाही, म्हणून शीर नीट दबत नाही. शेवटचा जखमी सिटी रूममधून बाहेर आला ११.३९ ला. पहिला बंब यायला अजून जवळपास तास होता.

बावीस जण मृत्युमुखी पडले. चौकशीच्या निष्कर्षानुसार वीस जणांच्या जखमा अशा होत्या की कितीही चांगली मदत मिळाली असती तरी ते वाचले नसते. अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण योग्य उपचार वेळेत मिळाले असते तर बहुधा वाचला असता. आठ वर्षांच्या एका मुलीबाबत अगदी पुसट शक्यता होती. आकडा लहान वाटतो म्हणून हलका नाही. तो तरुण तासाभराहून जास्त वेळ मदतीच्या आवाक्यात होता.

जवान असते तर

बऱ्याच चर्चांत प्रश्न असा विचारला जातो की आग नव्हती, मग बंब येऊन काय करणार होते? या प्रश्नातच दोन सेवांच्या नात्याबद्दलचा जुना गैरसमज आहे. दलाकडे पाणी आहे म्हणून ते बोलवायचं असतं असं नाही. त्याच्याकडे माणसं आहेत, आणि ती माणसं वजन उचलायला, अंधारात-धुरात काम करायला, एका हुकमावर एकत्र हालचाल करायला शिकलेली असतात.

एका ब्रिटिश बंबावर साधारण चार-पाच जवान असतात. पाच गाड्या म्हणजे वीस-पंचवीस. चार-चार जणांच्या पाच तुकड्या धरू. सिटी रूममधून उचलणं, जिना उतरणं, खाली ठेवून परत वर येणं, या फेरीला आठ मिनिटं धरली, तर चोवीस मिनिटांत पंधरा जखमी खाली येतात. हे गणित ढोबळ आहे, पण त्यातून एक गोष्ट दिसते. तीन पॅरामेडिक कितीही कुशल असले तरी त्यांना सहा हात आहेत. पंधरा जणांना एकाच वेळी उचलायला एकशेवीस लागतात. पॅरामेडिकने स्ट्रेचरचं टोक धरलं की तो उपचार करत नाही. म्हणून रुग्णवाहिका सेवेला मोठ्या दुर्घटनेत सगळ्यांत जास्त गरज लागते ती दुसऱ्या पॅरामेडिकच्या आधी उचलणाऱ्या हातांची. बंबावर दोर, फळ्या, दिवे, हातमोजे, घोंगड्या असतात. आणि रक्तस्राव दाबून धरणं, श्वासमार्ग मोकळा ठेवणं हे जवानांना शिकवलेलं असतं. चौकशीनेही हेच म्हटलं की दल तिथे असतं तर जखमी अधिक लवकर आणि अधिक नीट हलवता आले असते.

उलट दिशेनेही हे खरं आहे. मोठ्या आगीत रुग्णवाहिका जवानांसाठी थांबलेली असते. मुखवटा काढल्यावर कार्बन मोनॉक्साइडने गुंगलेल्या जवानाला ओळखणं, उष्माघात झालेल्याला पुन्हा आत जाऊ न देणं, हे पॅरामेडिकचं काम. दोन्ही सेवांना एकमेकींची गरज नेमकी कशासाठी आहे हे प्रमुखांना तोंडपाठ असेल, तर ‘तुमची माणसं कुठे आहेत’ हा फोन पोलिसांच्या परवानगीची वाट पाहत नाही.

आदल्या वर्षीची रंगीत तालीम

या सगळ्याला अनपेक्षित म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मे २०१६ मध्ये मँचेस्टरच्याच ट्रॅफर्ड सेंटर या मॉलमध्ये रात्री ‘विंचेस्टर ॲकॉर्ड’ नावाचा मोठा सराव झाला होता. शेकडो स्वयंसेवक जखमी बनले होते. त्या सरावात पोलीस ड्युटी ऑफिसरवर ताण आला, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्याशी त्याचा संपर्क तुटला, आणि या दोन्ही सेवांची विशेष पथकं बाहेर खोळंबली. एक वर्षाने खऱ्या रात्री तेच झालं, जवळजवळ त्याच क्रमाने.

सरावातली चूक नोंदवली जाते, अहवाल फिरतो, मग प्रत्येक सेवा आपल्या भागापुरती सुधारणा करते. पण चूक दोन सेवांच्या मधल्या जागेत असेल तर ती कुणाच्याच भागात येत नाही. दुसरं असं की सरावाला किती माणसं आली, किती तास चालला, वर्तमानपत्रात काय छापून आलं यावर त्याचं यश मोजलं जातं. ड्युटी ऑफिसरचा फोन लागेपर्यंत किती मिनिटं गेली हा आकडा शेवटच्या पानावरही नसतो.

नंतर

जेसिपच्या कार्यपद्धतीची नवी आवृत्ती २०२१ मध्ये आली. फिरत्या हल्ल्यांच्या नियमांतून ‘बंदूक’ हा शब्द गळला; आता हल्ल्याचं साधन कोणतंही असो, नियम एकच. साँडर्स चौकशीने एक शब्द रूढ केला, त्याला मराठीत ‘मधली पोकळी’ म्हणू: घटना घडल्यापासून प्रशिक्षित वैद्यकीय मदत जखमीच्या बाजूला येईपर्यंतचा काळ. ती शून्य कधीच होणार नाही, म्हणून त्या काळात जो कुणी तिथे असेल त्याला, म्हणजे पोलीस, जवान, सुरक्षारक्षक यांना, जीव वाचवण्याची पहिली कामं यायला हवीत.

यातून सगळ्यांत उपयोगी असं जे निघालं ते एका कागदावर मावतं. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये ‘दहा सेकंदांची वर्गवारी’ स्वीकारली गेली, म्हणजे कोणत्या जखमीला कितव्या क्रमाने मदत द्यायची हे झटकन ठरवण्याची पद्धत. जुन्या पद्धतीत नाडीचे ठोके, श्वासांची गती मोजावी लागे. गोंगाटात, हातमोजे घातलेल्या जवानाला ते जमणं कठीण. नव्या पद्धतीत मोजायचं काहीच नाही. चालतोय का? चालत असेल तर तिसरा क्रम, त्याला बाजूला पाठवा. चालत नसेल तर जोरात रक्त जातंय का ते पाहा. जात असेल तर दाबा, टूर्निकेट लावा, जखम भरून घट्ट बांधा, हा पहिला क्रम. रक्त जात नसेल तर बोलतोय का? बोलत असेल आणि धडाला आत शिरलेली जखम नसेल तर दुसरा क्रम. जखम असेल तर पहिला. बोलत नसेल पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, पहिला क्रम. श्वास नसेल तर चंदेरी खूण करून पुढच्याकडे. अवघड आहे ते शेवटचं पाऊल. श्वास नसलेल्या माणसाजवळून उठून पुढे जाणं जवानाच्या अंगात नसतं, म्हणून सरावात तेच जास्त घोटवावं लागतं.

याचा खरा फायदा नात्याच्या बाजूने आहे. जवानाने लावलेली खूण पॅरामेडिकला वाचता येते. पोचल्यावर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. दोन सेवांना एक भाषा मिळाली, आणि ती बोलायला मध्ये कुणी दुभाषा लागत नाही.

असं काही घडलं की ‘दोन्ही सेवा एक करून टाका’ अशी मागणी होतेच. न्यूयॉर्कने मार्च १९९६ मध्ये शहराची रुग्णवाहिका सेवा अग्निशमन दलात विलीन केली. नियंत्रण एका छताखाली आलं हे खरं, पण पगार, दर्जा आणि बढतीवरून रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांची कुरकुर तिथे अजून संपलेली नाही. मँचेस्टरमध्ये एकच मालक असता तर फिलिप्स पार्क आणि थॉम्पसन स्ट्रीट हा घोळ कदाचित टळला असता. सिटी रूमचा झोन कुणी बदलायचा हा प्रश्न तरीही पोलिसांच्या त्याच फोनवर अडकला असता.

महाराष्ट्रातली रचना मँचेस्टरच्या जवळची आहे. अग्निशमन दल महापालिकेचं किंवा नगरपालिकेचं, औद्योगिक वसाहतीत एमआयडीसीचं. १०८ ची सेवा २०१४ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाची, ठेकेदारामार्फत. सुरुवातीचा ताफा ९३७ गाड्यांचा, त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक सोयींच्या. १०८ वर डॉक्टर असतो, ही इंग्लंडपेक्षा जमेची बाजू. त्याच्याबरोबर उचलायला मात्र चालकाखेरीज कुणी नसतं. म्हणजे इमारत कोसळली की डॉक्टरला जे हात लागतात ते १०१ कडेच आहेत. त्यासाठी १०१ च्या कक्षात १०८ च्या कक्षाचा थेट क्रमांक भिंतीवर असावा, जमण्याची जागा पहिल्या पोचलेल्या गाडीने ठरवावी आणि दुसऱ्या सेवेने ती वाद न घालता घ्यावी, आणि पंधरा मिनिटांत पोलिसांकडून उत्तर आलं नाही तर दोन सेवांचे प्रमुख आपसात ठरवून पुढे सरकतील असं लेखी असावं. या तिन्ही गोष्टींना नवी गाडी किंवा नवं पद लागत नाही. दर पाळीच्या सुरुवातीला तो क्रमांक एकदा लावून पाहायला अर्धं मिनिट लागतं.